प्रिंटरला इंटरनेट नव्हे, घरचे नेटवर्क लागते

इंटरनेट बंद पडले की वाय-फाय प्रिंटरही बंद, असे अनेक जण धरून चालतात. वाय-फाय आणि इंटरनेट एकच समजल्यामुळे हा घोटाळा होतो. संगणकावरून निघालेले पान राउटरकडे जाते आणि तिथूनच प्रिंटरकडे वळते. ते घराबाहेर पडतच नाही. रिचार्ज संपलेला असला तरी राउटर चालू ठेवून साधे पान छापून पाहावे, बहुतेक प्रिंटरांवर ते निघते. यावर कोणी म्हणेल की काही मॉडेल तर इंटरनेटशिवाय हलतच नाहीत. ते खरे आहे. एचपी प्लससारख्या योजनेत प्रिंटर इंटरनेटला जोडलेला ठेवण्याची अटच असते. पण ती विक्रीच्या योजनेची अट आहे, छपाईच्या तंत्राची गरज नव्हे.

हा फरक कळला की ‘प्रिंटर ऑफलाइन’ या सूचनेचा अर्थही उलगडतो. संगणकाने ओळखीच्या पत्त्यावर हाक मारली आणि उत्तर आले नाही, एवढेच बहुधा त्यातून कळते. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो तो ठरावीक मुदतीसाठी. वीज जाऊन आली की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. मग लोक ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात आणि छपाई सुरू होते. दोष ड्रायव्हरचाच होता, हा समज इथे पक्का होतो. प्रत्यक्षात नव्याने जोडताना संगणकाला नवा पत्ता सापडलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला, तर हा प्रकार सहसा पुन्हा होत नाही. गेस्ट नेटवर्कवरच्या लॅपटॉपलाही अनेकदा प्रिंटर दिसत नाही, कारण ते नेटवर्क मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. घरगुती प्रिंटर बरेचदा फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून लॅपटॉपही त्याच पट्ट्यावर हवा असे मात्र नाही. नेटवर्क एकच असेल तर तो 5 गिगाहर्ट्झवर असला तरी चालते.

ड्रायव्हरची सीडी हरवली म्हणून हातपाय गाळण्याचेही कारण उरलेले नाही. ड्रायव्हरशिवाय छापण्याची ॲपलची एअरप्रिंट पद्धत 2010मध्ये आली, तशीच सामायिक पद्धत ठरवणारी मोप्रिया ही कंपन्यांची संघटना 2013मध्ये स्थापन झाली, आणि आता विंडोज 10 व 11सुद्धा या सामायिक पद्धतीच्या प्रिंटरांना वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतात. जुन्या यंत्रांना हे लागू नाही. आपल्याकडे बरेच खपलेले कॅनन एलबीपी 2900 किंवा एचपी लेझरजेट 1020 हे यूएसबीचे लेझर प्रिंटर पान तयार करण्याचे काम संगणकावर सोपवतात, त्यामुळे त्यांना कंपनीचाच ड्रायव्हर हवा. तो कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. शोधात वर दिसणारा कोणताही ‘हेल्पलाइन’ क्रमांक मात्र फिरवू नये; संगणकाचा ताबा मागून पैसे लुबाडणारे तिथेही टपलेले असतात.