जबलपूर : दोन सभा, दोन रकमा आणि निवृत्तिवेतन

मध्य प्रदेशच्या 2023 च्या विधानसभा निवडणुकीतील आर्थिक वाद जबलपुरात दोन दिवसांच्या अंतराने मांडला गेला. 10 जूनला तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी येथून ‘लाडली बहना’ योजनेचा एक हजार रुपयांचा पहिला हप्ता खात्यांत जमा केला आणि रक्कम टप्प्याटप्प्याने तीन हजारांवर नेण्याचे जाहीर केले. 12 जूनला प्रियांका गांधी यांनी नर्मदापूजन करून काँग्रेसच्या प्रचाराला आरंभ केला. त्यांचा आकडा दीड हजारांचा होता. पुढे काँग्रेसने गॅस सिलिंडर 500 रुपयांत देऊ केला, भाजपने 450 रुपयांत. धानाला काँग्रेसने क्विंटलमागे 2,500 रुपये कबूल केले, भाजपने 3,100. याला धोरणभेद म्हणणे कठीण. ही बोली होती.

खरा भेद जुन्या निवृत्तिवेतनाचा होता. 1 जानेवारी 2005 पासून राज्यसेवेत आलेल्यांना ते पुन्हा लागू करण्याचे वचन काँग्रेसने दिले, भाजपने दिले नाही. उच्च न्यायालय आणि विभागीय मुख्यालय असलेल्या या शहरात त्या वचनाला वजन होते. परंतु जबलपूरची ओळख असलेली गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची आयुधनिर्माणी आणि वाहननिर्माणी येथील कामगार केंद्राचे. त्यांच्या निवृत्तिवेतनाशी भोपाळच्या तिजोरीचा संबंध नाही. आयुधनिर्माणी मंडळ मोडून 1 ऑक्टोबर 2021 पासून सात सरकारी कंपन्या करण्याचा निर्णयही दिल्लीचाच होता.

जबलपूर पश्चिममध्ये तर कमलनाथ सरकारातील अर्थमंत्री तरुण भनोत उमेदवार होते. शेतकरी कर्जमाफीचा भार अर्थसंकल्पात बसविण्याची कसरत त्यांच्याच वाट्याला आली होती. तेव्हाचे खासदार राकेश सिंह यांनी त्यांचा पराभव केला. जिल्ह्यातील आठपैकी सात जागा भाजपला मिळाल्या, राज्यात 163.

नोव्हेंबर 2025 मध्ये भाजप सरकारनेच ‘लाडली बहना’चा हप्ता दीड हजार केला, म्हणजे काँग्रेसच्या आकड्यापर्यंत आणला. महाराष्ट्रात 2024 साली हीच बोली 2,100 विरुद्ध 3,000 अशी लागली होती. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी मात्र 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना आली: पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम. जबलपूरच्या कोणत्याही विधानसभा उमेदवाराला ती देता आली नसती किंवा अडविताही आली नसती.