थेलोनियस मंक क्वार्टेट विथ जॉन कोल्ट्रेन ॲट कार्नेगी हॉल

जॅझ संगीतातील एक अभिजात ध्वनिमुद्रिका. पियानोवादक व रचनाकार थेलोनियस मंक (१० ऑक्टोबर १९१७–१७ फेब्रुवारी १९८२) आणि टेनर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन (२३ सप्टेंबर १९२६–१७ जुलै १९६७) यांनी न्यूयॉर्क शहरातील कार्नेगी हॉल या सभागृहात २९ नोव्हेंबर १९५७ रोजी केलेले सहवादन तीत संगृहीत आहे. वादन १९५७ सालचे असले, तरी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली ती २००५ साली. मधल्या सु. ४८ वर्षांत या जोडीची कीर्ती मुख्यतः प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांच्या आठवणींवर टिकून होती. ती कीर्ती कितपत सार्थ होती, हे पडताळून पाहण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे ही ध्वनिमुद्रिका होय.

दोघेही जन्माने नॉर्थ कॅरोलायना राज्यातले. मंक रॉकी माउंटचा, तर कोल्ट्रेन हॅम्लेटचा. मंक बालपणीच न्यूयॉर्कला आला. १९४० नंतरच्या दशकारंभी हार्लेम भागातील ‘मिंटन्स प्लेहाउस’ येथे तो नियमित पियानोवादक होता आणि तेथेच ‘बीबॉप’ या नव्या जॅझशैलीची जडणघडण झाली. तथापि त्या शैलीतील द्रुत, सफाईदार वादनापासून मंक अलिप्तच राहिला. थोडके स्वर, त्यांतील अनपेक्षित अंतरे, लगतचे दोन स्वर एकत्र दाबून काढलेला खडबडीत नाद आणि स्वरांइतकेच बोलके विराम ही त्याच्या वादनाची लक्षणे. अनेकांना तो अनाडी वाटे. हा आक्षेप त्याच्या रचना लक्षपूर्वक ऐकल्यास टिकत नाही.

त्याच्या उमेदीच्या काळाला मोठा खंड पडला तो मात्र संगीतबाह्य कारणाने. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी मद्यविक्री होणाऱ्या कोणत्याही ठिकाणी गाण्या-वाजवण्यासाठी पोलीस खात्याने दिलेले ‘कॅबरे कार्ड’ जवळ असणे बंधनकारक होते. १९५१ साली मादक द्रव्याच्या प्रकरणात मंकला अटक झाली आणि त्याचे कार्ड काढून घेण्यात आले. त्यानंतर सु. सहा वर्षे त्याला स्वतःच्याच शहरातील क्लबांत वाजवता आले नाही. ध्वनिमुद्रणे, सभागृहांतील मोजक्या मैफली आणि बाहेरगावचे कार्यक्रम एवढ्यावर त्याला भागवावे लागले. १९५७ मध्ये कार्ड परत मिळाले आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून बावरी भागातील ‘फाइव्ह स्पॉट’ या लहानशा कॅफेत त्याचे वादन सुरू झाले. (कार्डाची ही पद्धत १९६७ साली रद्द झाली.)

कोल्ट्रेनसाठीही १९५७ हे वर्ष निर्णायक ठरले. १९५५ पासून तो ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्या पंचकात होता. पण हेरॉइन व मद्य यांच्या व्यसनापायी १९५७ च्या वसंत ऋतूत त्याला तेथून दूर करण्यात आले. त्याच सुमारास त्याने व्यसन सोडले. या अनुभवाला आध्यात्मिक जागृतीचे स्वरूप होते, असे त्याने पुढे ‘अ लव्ह सुप्रीम’ (१९६५) या ध्वनिमुद्रिकेसोबतच्या मजकुरात नमूद केले आहे. अशा अवस्थेत, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो मंककडे आला.

मंकची शिकवण्याची रीत पाश्चात्त्य संगीतशाळांच्या रीतीहून निराळी होती. कोल्ट्रेन त्याच्या घरी जाई, प्रसंगी त्याला झोपेतून उठवी आणि मग मंक पियानोपाशी बसून एखादी रचना वाजवू लागे. कोल्ट्रेनने ती ऐकून उचलायची, अडल्यास पुन्हा ऐकायची. स्वरलिपीचा कागद अगदीच निरुपाय झाला, तरच बाहेर निघे. गुरुमुखातून विद्या घेण्याची आपल्याकडील परंपरा ज्यांना परिचित आहे, त्यांना या पद्धतीत नवल वाटणार नाही. सॅक्सोफोनवर एकाच वेळी दोन-तीन स्वर काढण्याची युक्तीही आपणास मंकने दाखविली, असे कोल्ट्रेनने म्हटले आहे. मंक याहून अधिक काही करी, तेही महत्त्वाचे आहे. फाइव्ह स्पॉटमध्ये तो मध्येच पियानो सोडून उठे, रंगमंचावर आपल्याच तंद्रीत गिरक्या घेई आणि कोल्ट्रेनला केवळ डबल बेस व ड्रम यांच्या साथीवर दीर्घकाळ वाजवू देई. स्वरसंघातांचा आधार काढून घेतला की वादकाला रचनेचा सारा आराखडा मनात धरावा लागतो. एक पायरी चुकली, तर रिकाम्या विहिरीत पडल्यासारखे होई, अशा आशयाचे वर्णन कोल्ट्रेनने केले आहे.

फाइव्ह स्पॉटमधील हे वादन १९५७ च्या अखेरपर्यंत चालले. ऐकणाऱ्यांत वादकांप्रमाणेच चित्रकार व लेखकही असत. एवढे गाजत असूनही या चौकडीची अधिकृत ध्वनिमुद्रणे फारशी झाली नाहीत. कारण मंक ‘रिव्हरसाइड’ या संस्थेशी, तर कोल्ट्रेन ‘प्रेस्टिज’ या संस्थेशी करारबद्ध होता. जुलै १९५७ मध्ये मुद्रित झालेल्या ‘रूबी, माय डिअर’, ‘ट्रिंकल, टिंकल’ व ‘नटी’ या तीन रचना १९६१ साली रिव्हरसाइडच्या ‘जॅझलँड’ या शाखेने ‘थेलोनियस मंक विथ जॉन कोल्ट्रेन’ या ध्वनिमुद्रिकेत प्रसिद्ध केल्या. पुढे १९९३ साली आणखी एक मुद्रण उजेडात आले. ते कोल्ट्रेनची पत्नी नाइमा हिने फाइव्ह स्पॉटमध्ये साध्या यंत्रावर केले होते. परंतु ते १९५८ सालचे असून, कोल्ट्रेन त्या प्रसंगी केवळ बदली वादक म्हणून बसला होता. मुद्रणाची प्रतही सदोष आहे.

कार्नेगी हॉलमधील कार्यक्रम हार्लेममधील मॉर्निंगसाइड कम्युनिटी सेंटर या समाजसेवी केंद्राच्या साहाय्यार्थ, थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी झाला. एकाच रात्री दोन खेळ होते. बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, रे चार्ल्स, चेट बेकर व सनी रॉलिन्स ही नावेही त्याच जाहिरातीत होती. बिली हॉलिडे हिचे कॅबरे कार्ड १९४७ मध्येच गेले होते व ते तिला अखेरपर्यंत मिळाले नाही. कार्नेगी हॉलला असे कार्ड लागत नसे, म्हणून शहरातील सर्वांत प्रतिष्ठित सभागृहात ती गाऊ शकत होती आणि कोपऱ्यावरच्या क्लबात मात्र नाही.

मंकच्या चौकडीत बेसवर अहमद अब्दुल-मलिक आणि ड्रमवर शॅडो विल्सन होते. काही महिन्यांच्या नित्य सहवासाने चौघांचे सूर जुळलेले होते, हे मुद्रण ऐकताच ध्यानात येते. जॅझमध्ये बहुधा ३२ समान खंडांची एक धून प्रथम वाजवितात आणि मग तिच्या स्वरसंघातांचा क्रम पुनःपुन्हा फिरत असताना प्रत्येक वादक त्यावर उत्स्फूर्त रचना करतो. आवर्तन पूर्ण करून समेवर येण्याच्या आपल्या कल्पनेशी याचे साम्य आहे. फरक इतकाच की, येथे तालाबरोबर स्वरसंघातही फिरतात आणि वादकाला दोहोंचे भान ठेवावे लागते.

आरंभीची ‘मंक्स मूड’ ही संथ रचना बव्हंशी पियानो व सॅक्सोफोन यांचा संवादच आहे. दुसरी ‘एव्हिडन्स’. ‘जस्ट यू, जस्ट मी’ या जुन्या लोकप्रिय गीताचे स्वरसंघात घेऊन मंकने ती रचली. नावाचा प्रवास शब्दखेळाने ‘जस्ट अस’वरून ‘जस्टिस’कडे व तेथून ‘एव्हिडन्स’कडे, म्हणजे पुराव्याकडे, झाला. मूळ धुनीतील बहुतेक सारे वगळून मंकने येथे मोजकेच सुटे स्वर ठेवले आहेत आणि तेही आघाताच्या अपेक्षित जागा चुकवून. या रिकाम्या जागांवरून कोल्ट्रेनचे वादन धो-धो वाहते. एका आघाताच्या अवकाशात तो इतके स्वर बसवितो की स्वतंत्र स्वर न ऐकू येता नादाचा सलग पट्टा ऐकू येतो. समीक्षक आयरा गिटलर याने १९५८ मध्ये या वादनाला ‘ध्वनीच्या चादरी’ अशा अर्थाचे नाव दिले, ते रूढ झाले आहे. परंतु तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हे. कोल्ट्रेनच्या या पुरामागे मंक नेमक्या ठिकाणी एखादाच तिरकस स्वरसंघात टाकतो आणि पूर त्या खडकाला वळसा घालून निराळी वाट धरतो. बोलका वादक सॅक्सोफोनचा असला, तरी दिशा पियानोची आहे.

‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ ही रचना मंकने पत्नी नेली आजारी असताना १९५७ मध्ये केली. तीत उत्स्फूर्त वादनाला जागाच नाही; प्रत्येक स्वर ठरलेला आहे, आणि कोल्ट्रेन येथे संयमाने केवळ धून सांभाळतो. ‘नटी’, ‘बाय-या’ व ‘ब्लू मंक’ याही मंकच्याच रचना. ‘एपिस्ट्रफी’ ही त्याने ड्रमवादक केनी क्लार्क याच्यासह केलेली. मंकची नसलेली एकमेव रचना म्हणजे ‘स्वीट अँड लव्हली’ हे जुने गीत. ते संथपणे सुरू होऊन पुढे दुप्पट लयीत जाते. ही बहुधा सर्वांत रंगलेली रचना म्हणावी लागेल. शेवटी दुसऱ्या खेळातील ‘एपिस्ट्रफी’ येते, पण ती अपुरी आहे. फीत मध्येच तुटते.

हा कार्यक्रम ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकन शासनाच्या नभोवाणी संस्थेने मुद्रित केला होता. तिच्या फिती पुढे वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झाल्या. तेथील तज्ञ लॅरी ॲपलबॉम हा २००५ च्या प्रारंभी जुन्या फितींचे अंकीय रूपांतर करण्याच्या कामात असता, ‘कार्नेगी हॉल जॅझ १९५७’ अशी नोंद असलेल्या फिती त्याच्या हाती आल्या. एका पेटीवर ‘टी. मंक’ एवढेच लिहिलेले होते. सप्टेंबर २००५ मध्ये ‘ब्लू नोट’ या संस्थेने मंकचा पुत्र टी. एस. मंक व निर्माता मायकेल कस्कूना यांच्या निर्मितीखाली त्यांतील सु. ५१ मिनिटांचे वादन प्रसिद्ध केले. मुद्रण एकमार्गी असूनही अतिशय स्वच्छ आहे.

या कार्यक्रमानंतर थोड्याच काळात, १९५८ च्या आरंभी, कोल्ट्रेन माइल्स डेव्हिसकडे परतला. पण परतला तो पूर्वीचा वादक नव्हे. ‘जायंट स्टेप्स’मध्ये (१९६०) स्वरसंघातांच्या गुंतागुंतीवर दिसणारे प्रभुत्व मंककडील उमेदवारीवाचून समजावून घेता येत नाही. पुढे तो स्वरसंघातांपासून दूर, एकाच स्वराच्या आधाराने विस्तार करण्याकडे वळला. भारतीय संगीताविषयीची त्याची ओढ याच टप्प्यातली असून, १९६५ मध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव त्याने पंडित रविशंकर यांच्यावरून रवी असे ठेवले. मंक आणि कोल्ट्रेन या दोघांना पुलित्झर पारितोषिक मंडळाने अनुक्रमे २००६ व २००७ मध्ये मरणोत्तर विशेष सन्मान दिला. शॅडो विल्सन १९५९ सालीच मरण पावला. त्याच्या झांजांचा नाजूक, लवचिक ताल या ध्वनिमुद्रिकेमुळे नव्या श्रोत्यांच्या कानी पडला. फाइव्ह स्पॉटमधील १९५७ च्या वादनाचे मुद्रण मात्र प्रसिद्ध झालेले नाही.