झोन कसा फोडायचा, आणि फोडला हे कशावरून म्हणायचं?



पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या बऱ्याच जणांना वाटतं, की डेटा हातात आला म्हणजे अर्धी पीएचडी झाली. मलाही वाटायचं. माझ्या विषयातलाच एक प्रश्न घेऊन बघू: बास्केटबॉलमध्ये झोन डिफेन्स फोडायचा कसा?

आधी खेळ समजून घेऊ. मॅन टू मॅनमध्ये प्रत्येक जण एका खेळाडूला धरतो, झोनमध्ये तो जागा धरतो. कोर्ट २८ बाय १५ मीटरचं. त्याचं अर्धं म्हणजे २१० चौरस मीटर, त्यात राखायला पाच माणसं. सरासरी प्रत्येकी ४२ चौरस मीटर! एवढी जागा एकटा माणूस राखू शकत नाही, त्यामुळे झोन नेहमी चेंडूच्या बाजूला सरकतो आणि दूरची जागा उघडी टाकतो. उघडी जागा कायम असतेच, फक्त ती दर सेकंदाला बदलते.

सगळ्यात ओळखीचा झोन म्हणजे २-३. पुढे दोघे, मागे तिघे. याची दुखरी नस फ्री थ्रो लाइनजवळ, पुढच्या दोघांच्या पाठीमागे. तिथे एखादा खेळाडू झटकन येऊन पास घेतो तेव्हा काय होतं बघा. मागचा मधला रक्षक पुढे आला तर बास्केटखाली जागा मोकळी. पुढचे दोघे मागे वळले तर बाहेरचा शूटर मोकळा. बाजूचा आत सरकला तर कोपरा मोकळा. म्हणून २-३ समोर बरेच कोच १-३-१ मांडणी लावतात. त्यात आपला खेळाडू दोन रक्षकांच्या मधोमध उभा राहतो आणि दोघांनाही वाटतं, 'हा तुझा!'

दुसरं हत्यार पासचं. चेंडू माणसापेक्षा वेगाने जातो, त्यामुळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पटापट पास फिरले की तिसऱ्या-चौथ्या पासला कुणीतरी उशिरा पोचतोच. बाहेर उभं राहून नुसतं ड्रिबल करणं म्हणजे झोनला दम खायला वेळ देणं. रिबाउंडचा फायदा तर लोक विसरूनच जातात. झोनमध्ये शॉट उडाल्यावर कुणाला अडवायचं हे ठरलेलं नसतं, त्यामुळे आक्रमकाला आत घुसायला वाट मिळते. आणि सगळ्यात सोपा उपाय: झोन रचला जायच्या आत धावत जाऊन बास्केट करा.

इथवर कोचिंग झालं. संशोधनाचा घोळ पुढे आहे.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी सामन्यांचे व्हिडिओ बघून चेंडूचा प्रत्येक ताबा कोड केला होता: समोर झोन की मॅन टू मॅन, आणि गुण किती. झोनसमोर गुण कमी निघाले, म्हणून मी 'झोन अधिक परिणामकारक' असं ठोकून दिलं. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "झोन लावला कुणाविरुद्ध होता?" मी गप्प. कोच झोन लावतात तो बहुतेक वेळा कच्च्या शूटर्सच्या संघासमोर! ते संघ मॅन टू मॅनसमोरही कमीच गुण करणार होते. चार महिन्यांच्या कोडिंगचा निष्कर्ष तिथेच पडला.

असा गोंधळ मोठ्या सामन्यांबद्दल बोलतानाही होतो. २००३ ची अमेरिकन कॉलेज अंतिम लढत घ्या. जिम बोहाइम यांच्या सिरॅक्यूजने कॅन्ससला ८१-७८ असं हरवलं आणि श्रेय त्यांच्या २-३ झोनला मिळालं. शेवटच्या क्षणी कोपऱ्यातून मायकेल लीने मारलेला शॉट हकीम वॉरिकने आतून झेपावत अडवला, तो अजूनही दाखवतात. पण त्याच सामन्यात कॅन्ससने ३० पैकी फक्त १२ फ्री थ्रो टाकले. १८ चुकले, आणि हार तीन गुणांची! फ्री थ्रोच्या वेळी कुणी अंगावर येत नाही, तेव्हा झोनचा तिथे काय संबंध? झोन चांगला होता यात वाद नाही, पण केवळ निकालावरून ते ठरत नाही.

दुसरा सापळा जास्त बारीक. चेंडू मध्यभागी पोचला की गुण वाढतात, असं माझ्या कोडिंगमध्ये छान दिसत होतं. पण मध्यभागी पास जातो कधी? पुढचे दोघे आधीच फाकलेले असतात तेव्हा. मग पासमुळे झोन फुटला, की फुटला होता म्हणून पास गेला? गुणांच्या तक्त्यात याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी पासच्या आधी रक्षक कुठे उभे होते ते लागतं. एनबीएच्या सगळ्या मैदानांवर २०१३-१४ च्या हंगामापासून कॅमेरे बसले आणि खेळाडूंच्या जागा सेकंदाला २५ वेळा नोंदल्या जाऊ लागल्या, त्याचं मोल इथे कळतं. पण तो डेटा आपल्या प्रश्नाला सरळ लावता येत नाही बरं का. एनबीएत २००१-०२ पर्यंत झोनला बंदीच होती, आणि बंदी उठवताना रक्षकाने कुणाला न धरता बास्केटपुढच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही असा नियम आला. फिबाच्या नियमांत तो नाही. म्हणजे तिथला झोन आणि आपल्याकडचा झोन एकच नव्हे.

सध्या मी काय करतेय, तर तुलना एकाच सामन्यात, त्याच पाच आक्रमकांपुरती ठेवतेय, म्हणजे शूटर कच्चे की पक्के हा फरक बराचसा निघून जातो. शिवाय मध्यभागी पास जाण्याच्या एक सेकंद आधी व्हिडिओ थांबवून पुढच्या दोघांमधलं अंतर नोंदवतेय. नमुना फार लहान झालाय, आणि एका सामन्याला अख्खा रविवार जातो. कोडबुकमध्ये हा रकाना पहिल्या दिवशी असता, तर हे चार महिने वाचले असते.