किडनीतज्ज्ञाची नोकरी : पगारासोबत काय विचारावे?

एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी ३, डीएम ३. एवढ्या कष्टाने वस्तीतला मुलगा वा मुलगी किडनीतज्ज्ञ झाली की घरचे आधी पगार विचारतात. साहजिक आहे, कर्ज फेडायचे असते. पण मुलाखतीत तरुण डॉक्टरांनी रुग्णालयाचीही परीक्षा घ्यावी.

डायलिसिस विभाग प्रत्यक्ष पाहा. ४ तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते; पाणी तपासणीचे अहवाल मागा. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी वेगळे यंत्र आहे का? रात्री-अपरात्री दुसरा किडनीतज्ज्ञ असतो, की महिनाभर तुम्ही एकटेच? महात्मा फुले योजनेचे रुग्ण घेतात का?

पगार ठरलेला आहे, की डायलिसिसच्या संख्येवर? संख्येवर असेल तर गरज नसताना डायलिसिस सुरू करण्याचा दबाव येऊ शकतो. ‘मिनिमम गॅरंटी’ किती महिने, नोटीस किती दिवसांची, हे लेखी घ्या. रुग्ण पाठवणाऱ्याला कमिशन देण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत मनाई आहे. तसे चालत असेल तर मोठ्या पगारालाही नकार द्या. उपचारांच्या कागदावर सही तुमची असते.