औषधांचेही पासबुक
सरकारी रुग्णालयांतील औषधटंचाईचे मूळ पुष्कळदा द्रव्याच्या अभावात नसून हिशेबाच्या अभावात असते, हे ओळखून तामिळनाडू शासनाने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापिले. औषधांची खरेदी मध्यवर्ती निविदांनी करावयाची, माल जिल्ह्याच्या कोठारात उतरवून त्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावयाचे, आणि प्रत्येक रुग्णालयाच्या नावे मंजूर झालेली रक्कम पासबुकात जमा मांडून, उचललेल्या मालाची किंमत तीतून वजा करीत जावयाची, असा हा शिरस्ता होय. कोठारे संगणकाने मुख्य कचेरीशी जोडलेली असल्यामुळे कोठे साठा घटला आणि कोणत्या औषधाची मुदत संपत आली, याची खबर वेळीच लागते. राजस्थानने २०११ साली याच धर्तीवर आपले महामंडळ उभारले.