दीर्घिकांचे अंतर आणि विश्वाचे प्रसरण

नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस तुळिंज वसले आहे. स्थानकात न थांबणारी गाडी शिट्टी वाजवीत येते, तेव्हा तिचा सूर चढा वाटतो. गाडी पुढे निघून गेली, की तोच सूर एकदम उतरतो. शिट्टी तीच, ऐकणाराही तोच. पण सुराच्या या उतारावरून गाडीचा वेग काढता येतो.

प्रकाशाचेही काहीसे असेच आहे. दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आढळतात. मात्र येथे दीर्घिका गाडीसारखी धावत नसते. मधले अवकाशच ताणले जाते व त्याबरोबर प्रकाशाच्या लहरीही. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक, हे एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवून दिले.

वेग मोजणे त्या मानाने सोपे; कठीण ते अंतर. तुळिंजच्या टेकडीवरून रात्री दिसणारा एखादा दिवा जवळचा पण मंद आहे, की दूरचा पण प्रखर, हे कसे ओळखावे? दिव्याची मूळ प्रखरता ठाऊक असेल, तरच अंतर निघते. सेफीड तारे हे आकाशातील असे ओळखीचे दिवे होत. त्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते, आणि तो काळ जितका दीर्घ, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी. हे रहस्य हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने उलगडले. हबल यांनी याच ताऱ्यांचा आधार घेतला. तरीही त्यांची अंतरे फार कमी भरली आणि प्रसरणाचा वेग आजच्या सुमारे सातपट आला!

आज तारे व ताऱ्यांचे स्फोट यांवरून अंतर मोजणारे सांगतात, की दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटरने वाढतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशावरून गणित करणारे ६७ सांगतात. दोन्ही मापे इतकी काटेकोर आहेत, की हा फरक दुर्लक्षिता येत नाही. मापनात दोष आहे, की विश्वाविषयीचे आपले ज्ञानच अपुरे आहे?

तिसरा साक्षीदार १७ ऑगस्ट २०१७ रोजी लाभला. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी त्या दिवशी टिपल्या गेल्या. त्या लहरींवरूनच अंतर निघाले, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे. उत्तर आले ७०. पण ते फारच ढोबळ. वाद मिटण्यास अशा अनेक टकरी टिपल्या पाहिजेत. अशा लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.