गांडूळखत : घरगुती व्यवसायाची सुरुवात

महाड व पोलादपूर या तालुक्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे येथे गांडुळांना उन्हापेक्षा पाण्याचे भय अधिक असते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून वाफा नदीकाठच्या सखल परसात न करता उंचवट्यावर, पक्क्या छपराखाली करावा आणि प्रारंभ दिवाळीनंतर करावा.

शेतात बिळे करून राहणारी गांडुळे वाफ्यात टिकत नाहीत. त्यासाठी ‘आयसेनिया फेटिडा’ ही लाल जात लागते. एक किलोत साधारण हजार गांडुळे येतात व घरगुती वाफ्याला तेवढी पुरतात. तीन फूट रुंद वाफ्यात खाली भाताचा पेंढा व त्यावर पंधरा-वीस दिवस मुरलेले शेण घालावे. ताजे शेण तापते आणि गांडुळे मरतात. खाद्य मुठीत दाबले असता हात ओला व्हावा, पाणी मात्र गळू नये. मुंग्या व कोंबड्या यांपासून जपावे लागते, विशेषतः कोंबड्यांपासून! सुमारे दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे खत तयार होते.

पहिले खत आपल्याच भाताच्या रोपवाटिकेला घालावे. शेजाऱ्यांना रोपे दिसली की गिऱ्हाईक मिळते. ‘वाढलेली गांडुळे आम्हीच परत घेऊ’ असे सांगून महाग बियाणे देणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात असा व्यवहार करणारी एक कंपनी २००३ साली बुडाली आणि गांडुळे पाळणाऱ्यांचे पैसे अडकले.